रोह्याहून आणलेले य

मी जुळवणीचं काम करायचे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग किती लग्नं जुळवलीत?" मला बघायला आलेल्या सासूबाईंचाही हाच गैरसमज झाला होता. "मुलगी स्वतःच लग्नं जुळवते, आणि तिचंच कसं राहिलं?" असं त्यांनी माझ्या आईला तोंडावर विचारलं होतं. म्हणून आधीच सांगून टाकते, लग्न मी एकही जुळवलेलं नाही. मी अक्षरं जुळवायचे. पेणच्या एका लहानशा छापखान्यात सव्वीस वर्षं मी खिळे जुळवले.

खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत. शिशाची बारीक दांडी आणि तिच्या टोकावर आरशातल्यासारखं उलटं अक्षर. अशा खिळ्यांनी भरलेली लाकडी केस पुढ्यात तिरकी मांडलेली असायची, तिला चौकोनी खण, प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरायची आणि उजव्या हाताने एकेक अक्षर उचलून तिच्यात उभं करायचं. काना वेगळा उचलायचा. दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजेसुद्धा एक मुका खिळा. ओळींचं पान झालं की ते सुतळीने बांधायचं, प्रूफ काढायचं, चुका सुधारायच्या, छापायचं, आणि छापून झालं की सगळं मोडून खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. थोडक्यात स्वयंपाकच. रांधा, वाढा आणि भांडी घासून परत मांडणीवर लावा.

आमच्याकडे यायचं ते काम म्हणजे लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रं, हमरापूरच्या गणपती कारखान्यांची पावतीपुस्तकं आणि निवडणुकीत हँडबिलं. एकदा वडखळकडच्या एका गृहस्थांची पत्रिका होती. खाली ओळ होती, "कृपया आहेर आणू नये." मी तो मुका खिळा चुकून एक अक्षर पुढे टाकला. छापून गेलं, "कृपया आहेर आणून ये." पत्रिका गावभर वाटून झाल्यावर कुणीतरी वाचून दाखवली, तेव्हा ते तणतणत आले. "बाई, भिकेला लावलंस गो मला! सोयरे हसतायत!" मालक अप्पांनी त्यांना चहा पाजला, मी केसच्या मागे लपले. लग्न झालं, आणि आठ दिवसांनी हेच गृहस्थ पेढे घेऊन हजर. "पातेल्यांचा ढीग, दोन पंखे नि एक मिक्सर आला. धाकल्या पोरीचं लगीन फुडल्या साली हाय. तवा पन हीच चूक करा."

सगळे हसले, पण मला ती चूक फार लागली. त्या दिवसापासून मी शुद्धतेची पहारेकरीण झाले. लोक मजकूर आणायचे तो आपल्या बोलण्यातला असायचा, "आमचेकडं मूर्ती खराब निघत नाय" वगैरे. मी न विचारता "नाय"चं "नाही" करायचे, "हाय"चं "आहे". गिऱ्हाईक खूश व्हायचं, छापलेलं कसं पुस्तकी वाटतं म्हणायचं. मला मोठा अभिमान होता या गोष्टीचा. तो कसा उतरला तेच सांगायला बसले आहे.

माझी नात हल्ली "बकेट लिस्ट" म्हणते. मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी. तिचा बादलीशी संबंध काय, ते तिलाही माहीत नाही. माझी यादी एका ओळीची होती. एक अख्खं पुस्तक, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आपल्या हाताने जुळवायचं.

वाचायचं वेड मला शाळेपासूनचं. गावातल्या वाचनालयाची बरीचशी कपाटं मी संपवली होती. कादंबरी वाचताना लोक रडतात, मीही रडायचे, पण रडता रडता मला दिसायचं की या ओळीत मुके खिळे जास्त पडलेत आणि ती सैल झाली आहे. हे सगळं कुणीतरी उभं राहून एकेक अक्षर उचलून लावलंय, हा विचार मनातून जायचा नाही. आणि मी काय लावत होते? "पावती क्रमांक" आणि "दिनांक"! पुस्तकं मुंबई-पुण्याला व्हायची. पेणला गणपती व्हायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गणपती नुकतेच झाले होते. अप्पांनी जाहीर केलं होतं की दिवाळीनंतर टाइप, म्हणजे हे सगळे खिळे, मोडीत काढायचा आणि ऑफसेट मशीन आणायचं. म्हणजे माझी यादी कोरीच राहणार हे मी मनाशी धरून चालले होते. अशात एका दुपारी पांढरं पातळ नेसलेली एक उंच बाई दोन लांब वह्या घेऊन आत आली. मिरियमबाई. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. रोह्याजवळच्या एका गावात त्यांच्या यहुदी समाजाची बारा घरं होती, तेलाचा घाणा होता, शेती होती. एकेक करून सगळे इस्रायलला गेले. आता मुलीने बाईंचंही तिकीट काढलं होतं, दिवाळीच्या आधीचं. जायच्या अगोदर त्यांना त्या आळीवर लिहिलेलं पुस्तक हातात हवं होतं. नाव होतं "बारा घरांची आळी".

अप्पा म्हणाले, "बाई, आम्ही पावतीपुस्तकं करतो. पुस्तक नाय जमायचं आम्हाला."

"जमेल!" मी केसमागून ओरडले. हातातली स्टिक सांडली आणि चार ओळी जमिनीवर विखुरल्या. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यभर विसरणार नाही. पण त्यांना माझं वेड ठाऊक होतं. "कर बाई. टाइप जाताना एक पुस्तक करून जाऊ दे," ते म्हणाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, केसांत अबोली माळून मी कामावर गेले. अप्पा म्हणाले, "लगीन हाय काय तुझं?" मी सरळ "ब"च्या खणातून पहिलं अक्षर उचललं आणि स्टिकमध्ये उभं केलं.

शहाण्णव पानांचं पुस्तक होणार होतं. दिवसाला तीन पानं पडली तर वेळेत होईल असा हिशेब. प्रूफं न्यायची-आणायची सोय घरचीच होती. माझे यजमान रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. ते प्रूफं डब्याच्या पिशवीतून न्यायचे आणि मिरियमबाईंच्या घरी द्यायचे. पहिली बारा पानं मी चार दिवसांत जुळवली आणि ती सुतळीने बांधून रांगेत ठेवली. इतकं सुबक काम मी कधी केलं नव्हतं. प्रूफं काढली, ती बोंबलाच्या डब्याशेजारी बसून रोह्याला गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मिरियमबाई दारात. चेहरा लालबुंद. हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "वाच."

मी वाचलं. लहानग्या मिरियमला तिची आई सांगते, "भाकरी खाल्ल्याशिवाय जायचे नाही."

"ही कोण बाई?"

"तुमची आई."

"ही माझी आय नाय! ही शाळा तपासायला आलेली साहेबीण हाय! माझी आय म्हणायची, 'भाकर खाल्ल्याबिगर जायाचं नाय.' वहीत तसंच लिहिलंय. बारा पानांत माझ्या आळीतल्या एकाही बाईला तू बोलू दिलं नाहीस. सगळ्यांच्या तोंडी एकच तपासनीस!"

मी पुटपुटले की शुद्ध असलेलं बरं, छापील पुस्तक आहे.

त्या खुर्चीवर बसल्या. आवाज उतरला. "मुंबईला दोन छापखान्यांनी सांगितलं, आधी भाषा सुधारून आणा. म्हणून पेणला आले. म्हटलं तिथं आपली माणसं हायत. द्या माझी वही परत."

अप्पा वही घ्यायला उठले. मी वहीवर दोन्ही हात दाबून धरले. एवढी वर्षं वाट बघितलेलं माझं पुस्तक बाराव्या पानावर परत चाललं होतं, आणि चूक माझीच होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मिरियमबाईंनी वही ओढायला घातलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "एक सांग. घरी नवऱ्याशी काय बोलतेस? नाही म्हणतेस का नाय?"

"नाय," माझ्या तोंडून निघालं.

अप्पा मोठ्याने हसले. बाईही हसल्या. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. माझी आई हमरापूरजवळच्या गावात राहायची, गणपती रंगवायची, आणि तिचं एक वाक्य "नाय" किंवा "हाय"शिवाय संपायचं नाही. तिचं बोलणं छापण्यासारखं असतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाई, बारा पानं मी परत जुळवते. एक अक्षर वहीबाहेर जाणार नाय." त्यांनी वही ठेवली.

मी कामाला लागले, आणि तिसऱ्याच दिवशी एक असं संकट आलं जे कुठल्याही लेखकाला स्वप्नातसुद्धा सुचणार नाही. य संपले.

त्याचं असं आहे की खिळे ओतणारा कारखाना, म्हणजे फाउंड्री, टाइप विकते तेव्हा कुठलं अक्षर किती द्यायचं हे ठरवून देते. क आणि र भरपूर, ङ नावाला. तो अंदाज पुस्तकी मराठीचा. "नाही, आहे, हो" या भाषेला जेवढे य लागतात तेवढे आमच्याकडे होते. पण मिरियमबाईंच्या आळीत बारा घरांतल्या बाया दिवसभर "हाय, नाय, व्हय, जायाचं, यायाचं" बोलत होत्या. शिवाय प्रूफ रोह्याहून परत येईपर्यंत पानं मोडता येत नव्हती, म्हणजे त्यातले य अडकलेले. अक्षर संपलं की तिथे दुसरा कुठलाही खिळा उलटा, पाय वर करून लावायचा अशी आमची रीत. प्रूफावर तिथे काळा ठोकळा उमटतो. माझे यजमान ते पान उजेडात धरून म्हणाले, "पानाला देवी आल्या काय?"

फाउंड्रीला पत्र टाकलं. उत्तर आलं, सुटं अक्षर ओतून द्यायला दीड महिना. तोवर बाई विमानात बसलेल्या असणार. अप्पा म्हणाले, "थोडी ठिकाणं 'नाही' करून टाक. कोण बघतंय?" महिन्यापूर्वी मी ते आनंदाने केलं असतं. आता हात धजेना.

मिरियमबाईंचा निरोप आला तो सोमवारी. खरं तर प्रूफ त्यांच्याकडे शनिवारीच पोचलं होतं. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी लिहायचं नाही. त्या वाचायच्या, पण पेन उचलायच्या नाहीत. चुकीवर तुरीचा एकेक दाणा ठेवायच्या आणि दिवस बुडाला की दाणे उचलून खुणा करायच्या. या वेळी काळे ठोकळे एवढे होते की घरातली तूर पुरली नाही असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, "रोह्यात एक छापखाना बंद पडलाय. मालकाचा मुलगा माझा विद्यार्थी. ये."

मी आमच्या केसमधला एक य रुमालाच्या टोकाला गाठ मारून घेतला आणि एसटी पकडली. त्या छापखान्याचे म्हातारे मालक आम्हाला आत घेऊन गेले. केसवर बोटभर धूळ. मी रुमालाची गाठ सोडली, त्यांच्या केसमधला एक य उचलला आणि दोन्ही शेजारी शेजारी उभे केले. उंची तीच! जाडी तीच! त्यांचा य तेवढा शेपटीला जरा जाड. मला ओरडावंसं वाटलं, आणि बहुतेक मी ओरडलेही.

"सगळा टाइप न्या की," म्हातारे म्हणाले. "नुसते य कशाला? देवाला वाहायचे हायत काय?"

मिरियमबाईंनी पिशवीतून स्वतःजवळ ठेवलेली दुसरी वही काढली आणि तिथेच उभ्या उभ्या एक प्रसंग वाचून दाखवला. त्यांच्या चुलतीचं आणि शेजारणीचं विहिरीवरचं भांडण. "तुझी कोंबडी माझ्या दारात आली नाय?" "आली नाय! तुझं दारच माझ्या कोंबडीच्या वाटंवर हाय!" म्हातारे हसून हसून खाली बसले. मग त्यांनी स्वतःच चष्मा पुसला आणि खणात वाकले. "वीस वर्षं मी पन 'नाही'च छापलं," एवढंच म्हणाले. तांदळातले खडे निवडावेत तसे आम्ही तिघांनी त्या खणातले चांगले य निवडले. कानतुटके बाजूला, धड असलेले डब्यात.

परतीच्या एसटीत तो डबा मांडीवर घेऊन मी राणीसारखी बसले होते. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय हाय गो मावशी? वजनदार दिसतो."

"य," मी म्हटलं.

"कुठं येऊ?" तो म्हणाला. मी नागोठण्यापर्यंत हसत होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. सकाळी केसपाशी उभी राहायचे ती पाय सुजेपर्यंत. शिसं सोसलेल्या बोटांनी मी बारा घरांतल्या एकेका बाईला बोलतं करत होते. उलटी अक्षरं वाचत जुळवणारी बाई पुस्तक फार हळू वाचते. ओठ हलवत, अक्षरागणिक. त्यामुळे एखादी म्हातारी गाव सोडून निघाली आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाली "जाते गो", तर ते "जाते गो" लावायलाच मला सहा-सात खिळे आणि बराच वेळ लागायचा. तेवढा वेळ ती उंबऱ्यातच उभी असायची. असं वाचन मला पुन्हा मिळालं नाही.

शेवटच्या प्रूफावर मिरियमबाईंनी लाल शाईने एक ओळ वाढवली होती. मुद्रकाच्या नावाखाली, "अक्षरं जुळवली: सुमन, पेण." गावातल्या प्रत्येकाचं नाव मी लावलं होतं, जन्मलेल्याचं आणि मेलेल्याचंही. स्वतःचं लावायची वेळ पहिलीच. आणि लावलं काय? "सुनम." यजमानांनी ते पकडलं आणि पुढे कित्येक दिवस मला त्याच नावाने हाक मारली.

तिकिटाच्या तीन दिवस आधी बाइंडिंग झालं. ओल्या डिंकाचा वास येणारा गठ्ठा घेऊन मी रोह्याला गेले. बाईंच्या घरात बांधलेल्या बॅगा होत्या, भिंतीवरच्या तसबिरी उतरलेल्या. त्यांनी पहिली प्रत उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भाकरीच्या ओळीपाशी आल्या आणि पुढे वाचता येईना. पुस्तक छातीशी धरून म्हणाल्या, "हां. आता आय बोलली." मग मला जवळ घेतलं. मीही रडले, पण आनंदाने अगदी वेडी झाले होते. आजही कुठल्या पानावर पेणचे य आहेत आणि कुठून रोह्याचे सुरू होतात, ते मला शेपटीवरून ओळखता येतं. दुसऱ्या कुणालाच नाही.

बाई गेल्या. दिवाळीनंतर टेम्पो आला आणि टाइप गेला, रोह्याचे य त्यातच गेले. ऑफसेटवर मी कटिंग आणि बांधणी शिकले आणि निवृत्तीपर्यंत टिकले. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या पुस्तकाआधी एवढी वर्षं मी किती जणांचं बोलणं सुधारून पुसून टाकलं, आणि त्यांनी उलट माझेच आभार मानले.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत माझी प्रत घेऊन मी आईकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं. पडवीत ती माघी गणपतीच्या लहान मूर्तींना रंग देत बसली होती, मी शेजारी बसून वाचायला लागले. पहिलं पान ती नुसती ऐकत होती. दुसऱ्या पानावर मधेच बोलली, "बरोबर बोलली ती." विहिरीवरचं भांडण आलं तेव्हा तिने शेजारणीची बाजू घेतली आणि पुस्तकाशी भांडायला लागली. मग एकदम ब्रश थांबला.

"ही आपल्या गावची हाय काय?"

"नाय. रोह्याकडची."

"मंग माझं बोलनं हिला कसं म्हाईत?"

मी सांगितलं की ते तिच्या आईचं बोलणं आहे, आणि तसंच्या तसं छापलंय, मी माझ्या हाताने. आईने मान पुढे करून पुस्तकाकडे बघितलं. रंगाचा हात लागू नये म्हणून दुरूनच.

"सुमन, तुला पेणला मावशीकडं शाळेला का ठेवली ठावं हाय? सगली बोलत, पोरीला कशाला लांब धाडतेस. मी रडायची, पन ठेवली. माझ्यावानी बोलायला शिकू नये म्हून ठेवली." आणि ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "नि तू शिकून शिकून हेच छापलंस!"